व्हीआरएसचा विचार साहेबांना कधी सांगावा?

कंपनीच्या सूचनाफलकावर स्वेच्छानिवृत्ती योजनेचे, म्हणजे व्हीआरएसचे, परिपत्रक लागले की पुढचे तीन-चार आठवडे कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नसतो. कोणाला किती मिळतील, कोण निघेल, कोणाला निघावेच लागेल याचे हिशेब पाठकोऱ्या कागदांवर मांडले जातात, आणि ज्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे त्याच्याकडे सगळे जरा निरखून पाहू लागतात. या गडबडीत एक प्रश्न मात्र कोणी उघडपणे विचारत नाही, कारण तो विचारणे म्हणजेच निम्मे उत्तर देऊन टाकणे असते. आपण व्हीआरएसचा विचार करतो आहोत हे आपल्या साहेबांना सांगावे का, आणि सांगायचे तर नेमके कधी?

माझी बहुतेक नोकरी एका अभियांत्रिकी कारखान्याच्या आस्थापना विभागात गेली. अशा तीन योजना मी टेबलाच्या पलीकडून, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्याच्या खुर्चीतून पाहिल्या आणि चौथ्या योजनेत स्वतःच अर्ज भरला. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, कायदा ज्याला गंभीर मानतो तो कागद बऱ्याचदा परत घेता येतो, पण चहा पिता पिता साहेबांच्या कानावर घातलेला विचार परत घेता येत नाही. म्हणून या दोहोंपैकी कशाला जास्त जपायचे, याचा आपल्याकडचा रूढ समज उलटा आहे.

हे पटण्यासाठी योजना म्हणजे नक्की काय, हे आधी पाहावे लागेल. नावात 'निवृत्ती' असली तरी व्हीआरएस हा मुळात एक सौदा आहे. कंपनीला माणसे कमी करायची असतात. कामगारकपात करायची तर औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना सरकारची परवानगी घ्यावी लागत असे. ही संख्या त्या कायद्यात १०० होती, तर त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० झाली आहे. कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती मात्र कायद्याच्या व्याख्येनुसार कपात ठरतच नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्न उरत नाही आणि कामगार न्यायालयात खेटे घालायची वेळही सहसा येत नाही. या मोकळिकीची किंमत म्हणून कंपनी कायदेशीर देण्यापेक्षा अधिक रक्कम देऊ करते. सौदा म्हटला की त्यात दोन बाजू आल्या, आणि आपली बाजू कोणत्या क्षणी उघड करायची हा प्रश्नही आला.

आपल्याकडे या सौद्याची दोन मोठी उदाहरणे आहेत. २०००-०१ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी अशी योजना आणली. १५ वर्षे सेवा किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्यांना ती खुली होती आणि सुमारे १ लाख कर्मचारी त्यात बाहेर पडले. त्यानंतर बीएसएनएलने ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या तीस दिवसांत पन्नाशी गाठलेल्यांसाठी योजना खुली ठेवली. ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी निम्म्याहून अधिक मनुष्यबळ एकाच दिवशी घरी गेले. अशा महायोजनेत कोणी काय ठरवले हे साहेबांना सांगावे की नाही, या प्रश्नाला फारसा अर्थ राहत नाही, कारण साहेबही त्याच रांगेत असतात. खरा पेच असतो तो चारशे-पाचशे माणसांच्या कारखान्यात किंवा पंधरा माणसांच्या विभागात, जिथे योजना संपल्यावरही त्याच साहेबांच्या हाताखाली राहावे लागण्याची शक्यता असते.

सरकारी कर्मचाऱ्याची स्वेच्छानिवृत्ती ही वेगळी गोष्ट आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे २० वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन निवृत्त होता येते. तिथे सौद्याची वाढीव रक्कम नसते आणि सूचना वरिष्ठांमार्फतच जाते, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आता अर्जाचे पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ सांगतो की, प्रस्ताव समोरच्याने स्वीकारेपर्यंत प्रस्ताव देणारा तो मागे घेऊ शकतो. बँकांच्या योजनेत एकदा पर्याय दिला की माघार घेता येणार नाही अशी अट होती. तरीही अनेकांनी अर्ज मागे घेतले, बँकांनी ते मानले नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, योजना जाहीर करणे हे बँकेने दिलेले निमंत्रण असून कर्मचाऱ्याचा अर्ज हा प्रस्ताव आहे. तो स्वीकारला जाण्यापूर्वी मागे घेता येतो. ज्यांनी योजनेतील रकमेचा काही भाग स्वीकारला होता त्यांना मात्र मागे फिरता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. प्रत्येक योजनेतील माघारीचे कलम निराळे असते आणि ते शब्दशः वाचावेच लागते. तरी एवढे खरे की, स्वीकृतीचे पत्र निघेपर्यंत कागदाला परतीची वाट असू शकते.

बोललेल्या शब्दाचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे.

आमच्या टूलरूममध्ये बावन्न वर्षांचे एक फोरमन होते. परिपत्रक लागले त्याच आठवड्यात चहाच्या सुट्टीत ते साहेबांना सहज म्हणाले, "साहेब, मीही विचार करतोय बरं का. गावाकडं आंब्याची कलमं आहेत, किती वर्षं हा कूलंटचा वास घ्यायचा?" साहेब हसून म्हणाले, "तुमचं बरंय, सुटलात." विषय तिथेच संपला, निदान फोरमनच्या लेखी तरी. त्यांनी घरी जाऊन हिशेब मांडला तेव्हा गृहकर्जाच्या हप्त्यांची सात वर्षे बाकी होती, धाकटा मुलगा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता, आणि वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "कलमांना फळ धरायला अजून किती वर्षं आहेत?" अर्ज भरायचाच नाही असे ठरले. दरम्यान नव्या मशीनच्या प्रशिक्षणासाठी बंगळुरूला पाठवायच्या दोन नावांतून त्यांचे नाव निघून एका तरुण मुलाचे नाव लागले होते. योजना संपली, फोरमन राहिले, पण मशीन आले तेव्हा ते चालवता येणारा माणूस दुसराच होता. पुढच्या पगारवाढीत त्याचा परिणाम दिसला आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली.

मी साहेबांना दोष देत नाही. वरून त्यांच्याकडे एक तक्ता मागवला होता : विभागातील नावे, वय, सेवा आणि शेवटचा रकाना 'संभाव्य'. तो तक्ता आस्थापना विभागात माझ्याच टेबलावर आला होता, आणि फोरमनच्या नावापुढे पेन्सिलने केलेली बरोबरची खूण मला अजून आठवते. जो माणूस दोन महिन्यांत जाऊ शकतो त्याच्या प्रशिक्षणावर कंपनीचे पैसे कोणता विभागप्रमुख घालेल? साहेब आपले काम करत होते. पण फोरमन राहणार हे ठरल्यावर ती पेन्सिलची खूण खोडायला कोणी कोणाला सांगितले नाही, कारण तसा रकानाच तक्त्यात नव्हता. हेच नीट समजून घ्यायला हवे. साहेब दुष्ट असतात म्हणून विचार लपवायचा, असे मुळीच नाही. ते नियोजन करतात आणि आपला अर्धा विचार त्यांच्या नियोजनात पूर्ण माहिती म्हणून धरला जातो.

दुसरी गंमत अशी की, अनेक जण साहेबांना सांगतात ते सल्ल्यासाठी नव्हे, तर 'तुमच्याशिवाय इथं कसं चालणार' हे एक वाक्य ऐकण्यासाठी. पंचवीस वर्षे घासल्यावर ते ऐकावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु जवळजवळ प्रत्येक योजनेत एक कलम असते की, कोणताही अर्ज कारण न देता नाकारण्याचा अधिकार व्यवस्थापनाला राहील. बहुतेक अर्ज विभागप्रमुखांच्या शिफारशीसह पुढे जातात. ज्याला चहावर 'तुमच्याशिवाय कसं चालणार' असे ऐकायला मिळते, त्याच्या अर्जावर पुढे 'कामाच्या निकडीमुळे शिफारस नाही' असा शेरा येऊ शकतो, आणि दोन्ही वाक्ये तितक्याच प्रामाणिकपणे आलेली असतात. म्हणजे लवकर सांगण्याचे धोके दोन आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे आहेत. साधारण उपयोगाच्या माणसाला गेलेलाच धरले जाते, तर फार उपयोगाच्या माणसाला जाऊ दिले जात नाही. आपण यांपैकी कोण, हे साहेबांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, हिशेब पुरा होईपर्यंत कोणाशीही बोलू नये. हिशेबाआधी जो असतो तो विचार नव्हे, हुरूप असतो.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणाने पाहू. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिना ६०,००० रुपये, सेवा २४ वर्षे आणि निवृत्तीला ६ वर्षे शिल्लक आहेत. सोयीसाठी दिवसाचे वेतन २,००० रुपये धरू. बीएसएनएलच्या योजनेचे सूत्र झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचे वेतन असे होते. त्या सूत्राने ८४० आणि १५० मिळून ९९० दिवस, म्हणजे १९ लाख ८० हजार रुपये होतात. बँकांच्या योजनेत झालेल्या प्रत्येक वर्षाला ६० दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या महिन्यांचे वेतन यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. त्या सूत्राने याच माणसाला २८ लाख ८० हजार मिळतील. पण त्याच्या शेजारी बसणाऱ्या आणि फक्त एक वर्ष उरलेल्या सहकाऱ्याला 'जे कमी असेल ते' या शब्दांमुळे ७ लाख २० हजारच मिळतील. कॅन्टीनमध्ये जो आकडा फिरतो तो नेहमी सगळ्यात भाग्यवान माणसाचा असतो.

या रकमेवरचा कर वेगळा. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १०(१०सी) प्रमाणे स्वेच्छानिवृत्तीची भरपाई ५ लाख रुपयांपर्यंत करमुक्त धरली गेली आणि ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. त्यासाठी आयकर नियमावलीतील नियम २बीए मधील अटी पाळाव्या लागतात : वय ४० किंवा सेवा १० वर्षे पूर्ण असावी, योजनेमुळे एकूण मनुष्यबळ कमी व्हावे, रिकामी जागा भरली जाऊ नये, आणि निवृत्त होणाऱ्याने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी करू नये. वरच्या उदाहरणात १९ लाख ८० हजारांपैकी १४ लाख ८० हजार करपात्र उरतात. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी हे आपले नेहमीचे येणे असते. ते राजीनामा दिला तरी नियमाप्रमाणे मिळते, त्यामुळे कंपनी एकत्रित आकडा दाखवून 'एवढे देतो' म्हणते तेव्हा त्यातून हे बाजूला काढून ठेवावे. कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळायला किमान १० वर्षांची सेवा लागते, ती ५८ व्या वर्षी पूर्ण दराने मिळते, आणि पन्नाशीनंतर आधीच घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कपात होते. कंपनीचा मेडिक्लेम बंद होणे हा हिशेबातला सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. घरात सासू-सासरे किंवा आई-वडील त्या पॉलिसीत असतील तर बाहेर तसाच विमा कितीला पडतो, हे एका दुपारी चौकशी करून पाहिले तरी कित्येकांचा विचार तिथेच थांबतो.

एवढी माहिती गोळा करताना गुपित राखणे वाटते तितके सोपे नसते, आणि इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. ते ठिकाण म्हणजे कर्मचाऱ्यांची पतपेढी. आपल्यावर पतपेढीचे किती कर्ज आहे, अंतिम हिशेबातून किती वळते होईल, आणि आपण ज्यांना जामीन राहिलो त्यांचे काय, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. पण योजना चालू असताना 'येणे बाकी नाही' असा दाखला मागायला गेलेला माणूस कशासाठी आला, हे पतपेढीच्या कारकुनाला सांगावे लागत नाही. आपल्या जामिनाच्या भरवशावर कर्ज घेतलेला सहकारी त्याच संध्याकाळी बेचैन होतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी साहेबांपर्यंत जाते, तीही आपल्या तोंडून नव्हे. म्हणून दाखला मागू नये. कर्जाची शिल्लक मासिक पगारपत्रकातून आणि पासबुकातून काढावी, आणि दाखल्याचे काम अर्ज दिल्यानंतर करावे. मनुष्यबळ विभागाला प्रश्न विचारायचे असतील तर तेही योजनेसंबंधी असावेत, स्वतःसंबंधी नसावेत. "स्वीकृतीपूर्वी अर्ज मागे घेता येईल का?" हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. "माझी रक्कम किती होईल?" हा प्रश्न विचारला की आपले नाव एका यादीत गेलेच. काही कंपन्या आता संगणकावर प्रत्येकाला स्वतःची रक्कम पाहू देतात, पण कोणी पाहिली याची नोंद तिथे राहते, हे विसरू नये.

हिशेब झाला, घरात बोलणे झाले आणि जायचेच असे जवळपास नक्की झाले, की मग मात्र उलट वागावे. अर्ज देण्याआधी साहेबांना स्वतः सांगावे, आणि ते योजनेची मुदत संपायच्या आठवडाभर आधी सांगावे. शेवटच्या दिवशी सायंकाळी अर्ज टाकून मोकळे होणे अनेकांना चतुराईचे वाटते, पण त्यात आपले नुकसान आहे. ते का, हे सहसा कोणी सांगत नाही.

साहेबांच्या हातात रक्कम नसते, ती सूत्राने ठरते. अर्ज मंजूर करणेही पुरते त्यांच्या हातात नसते. त्यांच्या हातात असते ती कार्यमुक्तीची तारीख. योजनेत 'व्यवस्थापन ठरवील त्या तारखेस' असे मोघम लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात ती तारीख विभागप्रमुख सुचवतात. या तारखेत किती पैसे दडलेले असतात ते पाहा. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त सेवा झाली असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. १५ एप्रिलला कामावर रुजू झालेला आपला वरचा माणूस ३० सप्टेंबरला सुटला तर २४ वर्षे धरली जातात, ३१ ऑक्टोबरला सुटला तर २५. ६०,००० वेतनावर एका वर्षाची ग्रॅच्युइटी १५ भागिले २६ या प्रमाणाने सुमारे ३४,६१५ रुपये होते. याहून मोठा फरक कराचा पडतो. भरपाईची रक्कम मार्चमध्ये हाती आली तर ती वर्षभराच्या पगारावर चढते. एप्रिलमध्ये आली तर त्या आर्थिक वर्षात पगार एखाद्याच महिन्याचा असतो आणि कराचे टप्पे जवळजवळ मोकळे मिळतात. कंपनीच्या घरात राहणाऱ्यांना मुलांची वार्षिक परीक्षा हाही एक टप्पा असतो.

साहेबांना तारीख पुढे ढकलणे अनेकदा हवेच असते, कारण काम सोपवायला वेळ लागतो. दोघांच्या गरजा इथे जुळतात, पण त्या जुळवायला समोरासमोर बसून दहा मिनिटे बोलावे लागते. शेवटच्या दिवशी अर्ज टाकलेल्या माणसाची तारीख मनुष्यबळ विभाग सरसकट ठरवून टाकतो. मी स्वतः अर्ज केला तेव्हा हेच बोललो होतो. साहेब वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान होते. मी म्हणालो, "साहेब, मी परवा अर्ज देतोय, ठरलंय. तुम्हाला इतरांकडून कळू नये म्हणून आधी सांगतो. मार्चअखेर सोडलंत तर मला कर बसेल आणि तुम्हाला वार्षिक हिशेबात माणूस लागेल. एप्रिलअखेर जमेल का?" त्यांनी कॅलेंडर पाहिले, तीन सेकंद थांबले आणि म्हणाले, "मीच लिहून देतो." या बोलण्यात 'विचार' हा शब्द एकदाही आला नव्हता, हे लक्षात घ्यावे. 'विचार करतोय' म्हटले की समोरचा मन वळवायला लागतो किंवा मनात आपल्यावर फुली मारतो. 'ठरलंय' म्हटले की पुढचे बोलणे तारखेवर येते.

याला अपवाद आहेत. साहेबांशी खरोखरच घरोबा असेल, त्यांच्यापुढे लेकाच्या फीचेही रडगाणे गायले असेल, तर लपवण्याचे नाटक आपल्याला झेपणार नाही आणि ते त्यांना दिसेलही. तिथे सरळ सांगावे, पण 'हे तक्त्यात जाऊ देऊ नका' हेही तितक्याच सरळपणे म्हणावे. योजनेत जागा मोजक्या असतील आणि आधी येणाऱ्याला आधी संधी असेल, तर आठवडाभर थांबण्याची चैन परवडत नाही. अशा वेळी अर्ज आणि सांगणे एकाच दिवशी करावे, आधी अर्ज आणि मग केबिन. मोजक्या जागा असताना साहेबही त्याच वयाचे असतील तर तेही अर्जदार असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. ज्याच्यावर विभागीय चौकशी चालू आहे त्याला बहुतेक योजनांत अर्जच करता येत नाही, त्यामुळे त्याने आधी ते कलम वाचावे.

कधीकधी सांगण्या-न सांगण्याचा प्रश्न आपल्या हातात राहतच नाही, कारण साहेबच एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारतात, "तुम्ही काय ठरवलंय?" त्यांनाही वरून आकडा दिलेला असतो. खोटे बोलू नये, कारण पुढे अर्ज केला तर ते उघडे पडते. "योजनेचे कागद वाचतोय, मुदतीच्या आत ठरवीन आणि जे ठरेल ते आधी तुम्हालाच सांगेन" एवढे म्हणावे आणि उठावे. यात होकार नाही, नकार नाही, आणि दिलेला शब्द पाळण्यासारखा आहे. बोलण्यात दम देण्याचा सूर आला, म्हणजे "घेतली नाहीत तर बदली कुठे होईल सांगता येत नाही" असे काही कानावर पडले, तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि शब्द वहीत टिपून ठेवावेत व युनियनच्या पदाधिकाऱ्याला सांगावे. स्वेच्छा ही या योजनेची कायदेशीर बैठक आहे. मात्र पैसे हाती घेतल्यावर 'मला भाग पाडले' हे सिद्ध करणे फार कठीण जाते, त्यामुळे जे करायचे ते अर्जाआधीच करावे लागते.

केबिनमध्ये मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे आश्वासन. "तुम्ही व्हीआरएस घ्या, मी तुम्हाला कंत्राटावर परत आणतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते परिपत्रकातच छापले तरी चालेल. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण सहा महिन्यांनी ते स्वतः त्या खुर्चीत असतील याची खात्री त्यांनाही नसते. शिवाय जागा भरायची नाही आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी करायची नाही, या वर सांगितलेल्या करसवलतीच्या अटी आहेत. परत येण्याच्या बोलीवर निर्णय बेतायचा असेल तर आधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे. त्या बोलीवर बेतलेला हिशेब आधी तिच्याशिवाय मांडून पाहावा, आणि तसा तो बसत नसेल तर अर्ज करू नये.

साहेबांशी बोलणे झाले की अर्ज द्यावा. अर्जात कारणे लिहू नयेत, योजनेचे परिपत्रक आणि तारीख लिहावी, आणि तारखेबद्दल साहेबांशी जे ठरले असेल ते एका ओळीत विनंती म्हणून घालावे, कारण तोंडी ठरलेली तारीख मनुष्यबळ विभागाला दिसत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, सही आणि वेळ घ्यावी. माघार घ्यायची वेळ आलीच तर तेही लेखीच द्यावे, स्वीकृतीचे पत्र निघण्याआधी द्यावे, आणि त्याचीही अशीच पोच घ्यावी. या सगळ्या प्रती कार्यालयाच्या कपाटात न ठेवता त्याच दिवशी डब्याच्या पिशवीतून घरी न्याव्यात, कारण कार्यमुक्तीच्या दिवशी सर्वांत आधी मागतात ती त्या कपाटाची किल्ली.